लदेणीच्या वाटेवरचा पोळा

श्रावणाची झड ओसरू लागते, कपाशीतला डवरा शेवटच्या फेऱ्यांना येतो, सोयाबीन फुलांवरून शेंगांकडे वळते आणि महागाव तालुक्यातल्या फुलसावंगीसारख्या गावांना पोळ्याची चाहूल लागते. आदल्या सांजेला खांदशेकणी होते. जुवाखाली निबर झालेल्या खांद्यांवरून तूप-हळदीचा ऊन हात फिरतो. अमावास्येच्या दिवशी शिंगांना हिंगूळ आणि बेगड, गळ्यात घुंगरमाळ, पाठीवर झूल, कपाळी बाशिंग अशा थाटात जोड्या आखरावर येतात. तोरणाखाली मानाची जोडी उभी राहते, झडत्यांना झडत्या भिडतात, तोरण तुटते आणि मग घरोघरच्या उंबरठ्यावर बैलांचे पाय धुतले जातात. पुरणपोळीचा पहिला घास त्यांचा. ज्या गड्याने त्यांना वर्षभर राखले आणि हाकले, त्याच्या हातावर बोजारा ठेवल्याशिवाय कुणाही घरचा पोळा पुरा होत नाही.

आपले पोट दुसऱ्याच्या खांद्यावर चालले, ही कबुली आपण वर्षातून एकदा साऱ्या गावासमोर, वाजतगाजत देतो. देवादिकांच्या सणांच्या गर्दीत श्रमाच्या नावाने लावलेला हा सण म्हणूनच वेगळा उठून दिसतो. त्या दिवशी बैलाला विसावा असतो. माणसाने मात्र त्या विसाव्यात हिशेबाला बसावे. सरलेल्या वर्षात कुणाचा खांदा कामी आला, कुणावर ओझे जास्त पडले, आणि त्याचे आपल्याकडून काय फेडायचे राहिले, हे मोजण्याला यापरता चांगला मुहूर्त नाही.

फुलसावंगीच्या पंचक्रोशीत हा हिशेब जरा खोल जातो. पूस आणि पैनगंगा या नद्यांच्या या टापूत, माहूरच्या डोंगरांच्या अलीकडे, बंजाऱ्यांचे तांडे आहेत, आंध आदिवासींच्या वस्त्या आहेत, नाना जातीधर्मांची घरे आहेत. पोळा सगळ्यांचा. तरी तांड्यातल्या माणसाचे आणि बैलाचे नाते नांगराहून जुने आहे. त्याच्या पूर्वजांनी बैल औताला जुंपण्याआधी त्याच्या पाठीवर गोणी ठेवली, आणि त्या गोणीवर कित्येक शतके या देशाचा बाजार चालला.

तांड्याच्या बोलीत या व्यापाराला लदेणी म्हणतात. किनाऱ्याचे मीठ घाटावर यायचे, घाटावरचे धान्य ज्या मुलखात तुटवडा असेल तिकडे जायचे. गोण्या भरायच्या, बैलाच्या दोन्ही अंगांना तोलून लादायच्या आणि पावसाळा सरला की वाटेला लागायचे. पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाला १६३२ मध्ये उत्तर हिंदुस्थानच्या वाटेवर धान्याने लादलेल्या १४,००० बैलांचा तांडा भेटला, आणि त्याने ती नोंद करून ठेवली. ताव्हेर्निये या फ्रेंच जवाहिऱ्यानेही दहा-बारा हजार बैलांच्या तांड्यांविषयी लिहून ठेवले आहे. १८०३ मध्ये इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीची फौज असईहून अडगाव आणि गाविलगडापर्यंत लढत आली, तेव्हा तिच्या रसदेसाठी त्याची मोठी भिस्त बंजाऱ्यांच्या बैलांवर होती. रेल्वे येण्यापूर्वी वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवरून थेट गंगाकाठच्या मिर्झापूरला जात असे. अमरावतीच्या एकाच व्यापाऱ्याने १८४२ मध्ये एक लाख बैलांवर लादलेला कापूस कलकत्त्याला रवाना केल्याची नोंद गॅझेटियरने जपली आहे. त्या एक लाख बैलांना चारणारे, पाजणारे, रात्री राखणारे हात कुणाचे होते, हे मात्र गॅझेटियरमध्ये शोधावे लागते.

या वाटचालीत एक बैल असा असे, की त्याच्या पाठीवर कधीच गोणी चढत नसे. वऱ्हाडच्या पोलीस खात्यातले कंबरलेज यांनी १८८२ मध्ये छापलेल्या टिपणात त्याचे वर्णन आहे. बालाजीच्या नावाने सोडलेला हा हटाडिया. तांबड्या रेशमी गोंड्यांनी, पितळी साखळ्यांनी आणि घुंगरांनी सजून तो तांड्याच्या अग्रभागी चाले. तो बसे तिथे मुक्काम पडे. कुणी आजारी झाले, तर त्याला या बैलाच्या पायांशी नेत. आपण पोळ्याला एका दिवसापुरता जो मान बैलाला देतो, तो तांड्याने एका बैलाला जन्मभरासाठी दिला होता. हजारो बैलांच्या कष्टांवर जगणाऱ्या माणसांनी त्या कष्टांची आठवण रोज डोळ्यांसमोर चालती ठेवली, असाच त्याचा अर्थ आपण घ्यावा.

मग वाटच बदलली. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. पक्क्या सडका झाल्या, त्यांवर गाड्या धावू लागल्या, आणि १८६७ मध्ये अकोला-बडनेऱ्यावरून रेल्वे नागपूरला पोचली. मिर्झापूरची महिनोन्महिन्यांची वाट ओस पडली, कारण कापसाचे तोंड आता मुंबईकडे वळले होते. १८७८ च्या वनकायद्याने जंगले राखीव झाली. जिथे मुक्कामाला बैल मोकळे सुटत, तिथे चराईचा कर आणि परवाना आला. ज्यांचे घर एका ठिकाणी नाही, त्यांच्याकडे सरकार संशयाने पाहू लागले. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आधी उत्तरेत लागला, १९११ मध्ये त्याचे जाळे देशभर पसरले आणि अनेक ठिकाणचे तांडे त्यात सापडले. ज्यांच्या भरवशावर फौजा आणि पेढ्या विसंबून असत, त्यांच्यावर पोलिसांपुढे हजेरी लावण्याची पाळी आली. दोन-तीन पिढ्यांच्या आत धंदा गेला, चराई गेली आणि अब्रूही गेली. यातला एकही निर्णय तांड्याला विचारून झालेला नव्हता.

तांडा मोडून पडला नाही. त्याने बैलांची संख्या कमी केली, दूध-तूप विकले, लाकूडफाटा विकला, मजुरी केली, डोंगरउताराची मुरमाड जमीन फोडून ज्वारी-कापूस पेरला. नाईकाने जागा पाहिली आणि तांडा तिथे वसला. बहुधा गावापासून दूर, माळावर, जंगलाच्या कडेला, कारण सुपीक जमिनी आधीच वाटल्या गेल्या होत्या. पुसद तालुक्यातले गहुली असेच एका नाईकाच्या घराभोवती वाढले. तिथे १ जुलै १९१३ रोजी वसंतराव नाईक यांचा जन्म झाला. ५ डिसेंबर १९६३ पासून २० फेब्रुवारी १९७५ पर्यंत ते महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. संकरित ज्वारीचा ध्यास, राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली येथली चार कृषी विद्यापीठे, १९७२ च्या दुष्काळात लाखो हातांना मिळालेली रोजगार हमीची कामे, ही सारी त्या कारकिर्दीची ओळख. त्यांचा जन्मदिवस आपण कृषी दिन म्हणून पाळतो. त्याच घराण्यातले सुधाकरराव नाईक पुढे मुख्यमंत्री झाले आणि जलसंधारणाच्या कामाने लक्षात राहिले. ज्या समाजाला शेतीत उतरून फार पिढ्या झाल्या नव्हत्या, त्याच्या मुलाने राज्याला शेतीची दिशा दाखवली, याचा या मातीला अभिमान आहे आणि तो रास्त आहे.

परंतु एका गहुलीचा उत्कर्ष म्हणजे सगळ्या तांड्यांचा उत्कर्ष नव्हे. शेतकरी झालेल्या तांड्याच्या वाट्याला शेतकऱ्याची संकटेही आली. पावसावर लटकलेली कपाशी, परदेशी बाजाराकडे पाहून ठरणारा भाव, खत-बियाण्यांची वाढती उधारी. आपल्याच महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणच्या एका शेतकरी कुटुंबाने १९ मार्च १९८६ रोजी आपले आयुष्य संपवले. आजही त्या तारखेला राज्यभर अनेक जण अन्नत्याग करून त्यांचे स्मरण करतात. ते दुःख सगळ्या कोरडवाहू मुलखाचे आहे. तांड्यात मात्र जमीनच थोडी आणि हलकी, म्हणून तिथे एका कोरड्या हंगामानेही घर हलते.

मग पुन्हा वाट धरावी लागते. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेतलेल्या कोयत्याच्या टोळ्या ऊसतोडीला निघतात. कुणी वीटभट्टीवर जातो, कुणी पुण्या-मुंबईच्या बांधकामावर. पूर्वी पावसाळा सरला की लदेणीला निघणारा तांडा आजही त्याच सुमारास निघतो. फरक इतकाच की तेव्हा बैल त्याचे होते, माल त्याच्या भरवशाचा होता आणि मुक्काम कुठे करायचा हे त्याचे तो ठरवत होता. आता अंगावर उचलीचे ओझे घेऊनच तो गाव सोडतो आणि कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत त्याच्या परतीचा दिवस दुसऱ्याच्या हाती असतो.

बैलाचेही दिवस पालटले. नांगरणी-वखरणी ट्रॅक्टरने होते, डवरणीची जागा तणनाशक घेऊ लागले आहे. ज्या ई-क्लास जमिनीवर गावाची गुरे चरायची, तिच्यावर कुठे अतिक्रमण झाले, कुठे काही बांधले गेले. गायकी करणारा पोरगा शाळेत गेला, आणि ते चांगलेच झाले; पण चराईची दुसरी सोय कुणी लावली नाही. चारा विकत घेऊन जोडी पाळणे लहान शेतकऱ्याच्या आवाक्यात राहिलेले नाही. लम्पीच्या साथीमुळे २०२३ मध्ये अनेक ठिकाणी पोळा आखरावर भरलाच नाही, घरच्या घरी पूजा झाली. मुलांच्या तान्ह्या पोळ्याला लाकडी बैलांची रांग मात्र दरवर्षी लांबत चालली आहे. सण वाढतो आणि ज्याचा सण तो कमी होतो, ही गोष्ट सहज पुढे ढकलण्याजोगी नाही.

जनावरांच्या मागे चालणाऱ्या माणसांवर हा प्रसंग जगात इतरत्रही आला आहे. युरोपच्या उत्तर टोकाला, नॉर्वे, स्वीडन, फिनलंड आणि रशियाच्या बर्फाळ मुलखात, सामी लोक रेनडिअरचे कळप पाळतात. हिवाळ्यात आतल्या पठारावर आणि उन्हाळ्यात समुद्राकडे अशी त्यांची वर्षानुवर्षांची ये-जा. १८५२ मध्ये रशियाच्या अमलाखालील फिनलंड आणि नॉर्वे यांच्यामधली सरहद्द बंद झाली आणि कित्येक कळपांची वाट मधोमध तुटली. पूर्वेकडे सोव्हिएत राजवटीत कळप सामूहिक मालकीचे झाले, आणि १९९१ मध्ये ती राजवट कोसळली तेव्हा त्या गुराख्यांना नव्याने बाजार शोधावा लागला. नॉर्वेत आल्टा नदीवरच्या धरणाविरुद्ध १९७९ ते १९८१ या काळात सामी उभे राहिले. धरण झाले, पण त्या लढ्यातून आलेल्या जागृतीने १९८९ मध्ये त्यांची स्वतःची संसद उघडली. २०२१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने फोसेन येथल्या पवनचक्क्यांमुळे रेनडिअरपालक सामींच्या हक्कांचा भंग झाला, असा निर्वाळा दिला. आजचा सामी गुराखी बर्फावर मोटारीने फिरतो, कळपाचा ठाव यंत्राने घेतो. तरी चार घरांनी मिळून कळप राखण्याची त्यांची जुनी रीत, जिला ते सीदा म्हणतात, ती त्यांनी सोडलेली नाही.

इतक्या दूरच्या बर्फाळ माळावरून आपल्या काळ्या मातीकडे पाहिले की एक गोष्ट स्वच्छ दिसते. कळपामागे जाणारा माणूस नव्या साधनांना घाबरत नाही. आगगाडी, ट्रॅक्टर, मोबाइल हे सारे तो आपलेसे करतो. तो खचतो ते आपल्या वाटेचा निर्णय आपल्यावाचून झाला म्हणजे. आणि तो टिकतो ते एकट्याच्या चिवटपणावर टिकत नाही. सोबत चालणाऱ्या चार घरांच्या आधारावर टिकतो.

आपल्या तांड्याने तो आधार अजून सांभाळला आहे. नाईक, कारभारी आणि न्यायनिवाडा करणारी नसाब ही त्याची जुनी रचना पंचायत राज्याच्या काळातही पुरती विझलेली नाही. श्रावणात तांड्यातल्या मुली टोपल्यांत गहू पेरून तीज उगवतात, रोज पाणी घालतात, गाणी म्हणतात. तो हिरवा अंकुर साऱ्या तांड्याच्या मालकीचा असतो. रामनवमीला बंजाऱ्यांचे श्रद्धास्थान असलेल्या पोहरादेवीच्या वाटा देशभरच्या तांड्यांनी भरून जातात. संत सेवालाल महाराज, ज्यांची जयंती आपण १५ फेब्रुवारीला साजरी करतो, ते स्वतः गुरे चारत मुलखामुलखांतून हिंडले. त्याच पोहरादेवीला ५ ऑक्टोबर २०२४ रोजी बंजारा वारशाच्या संग्रहालयाचे उद्घाटन झाले. वारसा काचेआड जपला गेला याचे समाधान आहेच; तो उघड्यावरही जगता राहावा, तांड्याच्या बैठकीत बाईच्या शब्दाला पुरुषाच्या शब्दाइतके वजन यावे, ही पुढची पायरी तांड्यालाच चढायची आहे.

उरलेल्या पायऱ्या आपल्या सर्वांच्या आहेत. पोळ्याच्या आगेमागेच दरवर्षी ३१ ऑगस्टचा विमुक्त दिन येतो. १९५२ मध्ये त्या तारखेला गुन्हेगार जमातींचा कायदा देशातून गेला. जन्मावरून माणसाला चोर ठरवणारा शिक्का कागदावरून पुसला गेला, मनांवरून तो पुसायला आपण फार वेळ घेतला. राज्यांच्या सीमा नव्याने आखल्या गेल्या आणि पुढे एकाच बोलीचा, एकाच गोतावळ्याचा समाज तीन खात्यांत विभागला गेला: तेलंगणात अनुसूचित जमाती, कर्नाटकात अनुसूचित जाती, महाराष्ट्रात विमुक्त जाती. पैनगंगेपलीकडच्या मुलखात लेक द्यावी आणि तिच्या मुलांचा दाखला वेगळ्याच नावाने निघावा, हे आपल्या भागातल्या घरांना नवे नाही. महाराष्ट्रातही अनुसूचित जमातींत समावेश व्हावा, या समाजाच्या मागणीचा निवाडा घटनेच्या चौकटीत व्हायचा आहे, आणि शेजारच्या आदिवासी बांधवांच्या वाट्याला धक्का न लावता तो व्हावा, अशीच कुणाही समंजस माणसाची इच्छा असेल. बाळकृष्ण रेणके आणि भिकू रामजी इदाते यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय आयोगांनी भटक्या-विमुक्तांची दुखणी सविस्तर मांडून ठेवली आहेत. सरकारांनी त्यांवरची धूळ झटकली पाहिजे, हे सांगणे प्राप्तच आहे.

मात्र सगळेच दिल्ली-मुंबईवर सोपवून आपण मोकळे होऊ शकत नाही. ज्या गोष्टी गावाच्या हातातल्या आहेत, त्या गावाने कराव्यात. ई-क्लासचा जो तुकडा उरला आहे त्याची मोजणी करून तो चराईला राखता येतो. एकेकट्याला जोडी परवडत नसेल, तर दोन-तीन घरांनी मिळून एक जोडी पाळायची आणि आळीपाळीने जुंपायची, ही सावडीची आणि इर्जिकीची रीत आपल्या बापजाद्यांनी चालवली होती. ती पुन्हा धरता येते. तांड्याला महसुली गावाचा दर्जा, स्मशानभूमीला वाट, अंगणवाडीला छप्पर यांसाठी तांड्याने अर्ज करायचे आणि गावाने पाहत बसायचे, हे थांबवता येते. वर्धा-यवतमाळ-नांदेड रेल्वेमार्गाचा वर्धा ते कळंब हा टप्पा २०२४ मध्ये सुरू झाला आहे, आणि आज ना उद्या ती गाडी दारव्हा, दिग्रस, पुसद, उमरखेड अशी आपल्या भागात येईल. दीडशे वर्षांपूर्वी रेल्वेने लदेणी बुडवली तेव्हा तांड्याला कुणी सावध केले नाही. या खेपेस तिच्याबरोबर येणाऱ्या कामांत, बाजारात आणि मोबदल्यात तांड्यातल्या तरुणांना आधीपासून जागा ठेवणे आपल्याला जमले पाहिजे.

सर्वांत निकडीची गोष्ट मुलांची आहे. टोळी निघते तेव्हा पाटी-दप्तरही फडावर जाते आणि परत येते तेव्हा वर्ष हातचे गेलेले असते. हंगामी वसतिगृहांची सरकारी सोय आहे, पण ती वेळेवर मागितली तर मिळते, आणि मागण्यासाठी कोण किती मुले घेऊन जाणार याची यादी हाताशी लागते. पोळ्यानंतर काही आठवड्यांतच २ ऑक्टोबरची ग्रामसभा येते आणि तिच्या सुमारासच तांड्यातली घरे बांधाबांध सुरू करतात. म्हणजे वेळ थोडा आहे, पण पुरेसा आहे. शिक्षकाने हजेरीपट घेऊन तांड्यात जावे, ग्रामसेवकाने जाणाऱ्या कुटुंबांची नोंद करावी, मुकादमाने उचलीचा हिशेब लेखी द्यावा, मागे राहणाऱ्या आजी-आजोबांच्या रेशनाची आणि औषधाची चौकशी कुणी करायची हे नावानिशी ठरावे. हे सगळे एका ठरावात बसण्याइतके साधे आहे. तो ठराव ज्या वर्षी तांड्यातली एखादी याडी, म्हणजे आई, ग्रामसभेत उभी राहून मांडेल आणि गाव तो एकमताने मंजूर करून अमलातही आणेल, त्या वर्षी बदलाचे ओझे आपण खऱ्या अर्थाने वाटून घेतले, असे म्हणता येईल. ते वर्ष हेच का असू नये?